स्टेशनासमोरची खोली

चहाचा कप तोंडाला लावणार, तेवढ्यात खाली स्टेशनासमोरच्या बाकावर दादा बसलेला दिसला. आधी काहीच वाटलं नाही. टक्कल, खाकी पिशवी, पायावर पाय. रोज दिसणारं माणूस दिसावं तसं मी त्याच्याकडे पाहिलं आणि एक घोट घेतलासुद्धा. मग एकदम मी पडद्यामागे सरकले. मी तिसऱ्या मजल्यावर, काच बंद, दुपारचे चार वाजलेले, खालून मी दिसणं शक्यच नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. माझा सख्खा थोरला भाऊ, पासष्ट वर्षांचा, याच शहरात बसने वीस मिनिटांवर राहतो, आणि त्याच्या लेखी मी या घटकेला सात तास लांब माझ्या होस्टेलात होते. रात्रीच्या गाडीत बसून उद्या सकाळी सात दहाला मी इथे उतरणार होते आणि तो मला घ्यायला येणार होता. मी मात्र आज साडेअकरालाच येऊन या लॉजमध्ये उतरले होते, आंघोळ केली होती, केस मोकळे सोडले होते, आणि उद्या सकाळपर्यंत या जगात माझा पत्ता कुणालाही ठाऊक नव्हता.

आमच्या घरात एक नियम आहे. आपलं माणूस स्टेशनावर एकटं उतरता कामा नये. तो बाबांनी घातला. गाडीतून उतरणाऱ्याला पहिलं तोंड घरचं दिसलं पाहिजे, म्हणायचे, मग गाडी पहाटेची असो की चार तास उशिराची. बाबा गेले तसा नियम दादाकडे आला. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, मुलींच्या होस्टेलची रेक्टर म्हणून तिथेच राहते, आणि गेली एकोणीस वर्षं इथल्या कॉलेजात वर्षातून दोनदा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून येते. मुली पलंगाची चादर घालतात, मलमपट्टी करतात, बाहुल्याला नळी घालतात, मी गुण देते. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडला नसेल तर मी पुढे सरकतच नाही, म्हणून माझं पाठीमागचं नाव चादरबाई आहे. एकोणीस वर्षं दर खेपेला दादा बाहेरच्या फाटकाशी उभा. बॅग हातातून घेणार, "धाकटे, झोप झाली का?" विचारणार, आणि मी काय उत्तर देते तिकडे लक्ष न देता रिक्षा शोधायला लागणार. छप्पन्नाव्या वर्षी मला धाकटे म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

हे एक दिवस आधी येणं तीन वर्षांपूर्वी चुकून सुरू झालं. रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून मी आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीत बसले. इथे उतरले, दादाला कळवायला फोन हातात घेतला आणि केला नाही. का नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. फलाटावर माणसं आपापल्या दिशेने चालली होती आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. दिवसभर मला कुणी मॅडम म्हणणार नव्हतं, ताई म्हणणार नव्हतं, आत्या म्हणणार नव्हतं. समोर लॉज दिसला, गेले, खोली मागितली. बाकी शहरात कुठेही एकटी बाई खोली मागायला गेली की समोरचा माणूस आधी तिच्या पाठीमागे कोण आहे ते बघतो. स्टेशनासमोर तसं नसतं. इथे हातातली बॅग बघतात, तेवढ्याने भागतं. या लॉजचा मॅनेजर शब्दकोडी सोडवतो. त्या दिवशी त्याने मान वर न करता विचारलं, "एक रात्र?" आणि किल्ली दिली. माझ्या आयुष्यात इतक्या कमी चौकशीत मला कुणी काही दिल्याचं आठवत नाही.

तेव्हापासून ही सहावी खेप. दर वेळी तेच. खोलीत शिरले की पहिल्यांदा मी लॉजची चादर काढून नीट घालते, कारण ढिल्या चादरीवर मला झोप लागत नाही. मग काहीच करत नाही. पडून राहते, पंखा बघते, गाड्यांच्या घोषणा ऐकते, कुठल्या कुठल्या गावांची नावं कानावरून जातात आणि एकाही गावाला मला जायचं नसतं. संध्याकाळी बाहेर जाऊन पाव आणि केळी आणते. सकाळी पावणेसातला लॉजशेजारचा पादचारी पूल चढून फलाटावर उतरायचं, सात दहाची गाडी आली की उतरणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळायचं आणि त्यांच्याबरोबर बाहेरच्या फाटकातून दादासमोर जायचं. पहिल्या खेपेला साडी फारच कडक दिसत होती. पुढच्या खेपेपासून मी ती रात्री उशीखाली चुरगळून ठेवायला लागले. तीस वर्षं मुलींचं खोटं पकडत आलेली बाई मी. थर्मामीटर न लावता तक्त्यावर आकडा लिहिला की मला लांबून कळतं. पण स्वतःच्या भावापुढे केस थोडे विस्कटून उभी राहायला मला अडचण पडली नाही.

दादाच्या घरी मला काही त्रास आहे, असंही नाही. वहिनी गेल्यापासून तो, मुलगा आणि सून असे तिघे. सून शाळेत शिकवते, मनाने चांगली आहे, मी गेले की माझ्यासाठी वेगळा टॉवेल काढते. बैठकीच्या खोलीत दिवाणावर माझी सोय असते. पण मी झोपेपर्यंत त्यांना टीव्ही लावता येत नाही, ते उठेपर्यंत मला हलता येत नाही. आम्ही सगळे एकमेकांना इतके जपतो की चार दिवसांत मान आखडते. होस्टेलात माझं दार रात्री-अपरात्री वाजतं, कुणाचं पोट दुखतं, कुणाला घरची आठवण येते. आईच्या आजारपणात अकरा वर्षं तर दाराला कडीच नव्हती. वर्षातले हे दोन दिवस तेवढे माझे. हे दादाला सांगितलं तर तो रागावणार नाही. तो एवढंच म्हणेल, "म्हणजे आमच्याकडे तुला परकं वाटतं." आणि मग ते आयुष्यभर त्याच्या मनात राहील. म्हणून अळीमिळी गुपचिळी.

आणि आज तो खाली बसला होता. दर वेळी मला मागच्या बाजूची खोली मिळते, खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात. या खेपेला तिथलं न्हाणीघर गळत होतं म्हणून मॅनेजरने पुढची खोली दिली, नाहीतर मला काही कळलंच नसतं. पहिल्यांदा वाटलं, मीच तारीख चुकीची सांगितली. फोनमधला निरोप काढून पाहिला. तारीख बरोबर होती, वार बरोबर होता. मग तो चुकला होता. आणि तिथे मी घाबरले, कारण बाबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटच्या दोन वर्षांत बाबा आत्याला आणायला स्टेशनावर जायचे. आत्या जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती. स्वच्छ कपडे करून निघायचे, गाडी येईपर्यंत उभे राहायचे, सगळी माणसं निघून गेली की हमालाला विचारायचे, मागे कुणी राहिलंय का. मी आणायला जायचे तेव्हा माझ्याकडे बघून म्हणायचे, "बरं झालं तू आलीस, ती बहुतेक उद्या येईल." मी नर्स आहे, मी हे असंख्य म्हाताऱ्यांत पाहिलं आहे, पण स्वतःच्या बापाच्या तोंडून ऐकताना शिकलेलं काही उपयोगी पडत नाही.

मी पडदा बोटभर सरकवला आणि दादाला पेशंटसारखं बघायला लागले. सदऱ्याची बटणं सरळ लावलेली. दोन्ही पायांत एकाच जोडाच्या चपला. दाढी केलेली. घोषणा झाली तसा तो उठला, सरळ चालत फाटकाशी गेला, पाय ओढत नव्हता. गाडीतली माणसं बाहेर पडायला लागली. तो बाजूला उभा राहून एकेक चेहरा बघत होता, मान उंच करून, आता कुणीतरी दिसेलच अशी. दहा मिनिटांत फाटक रिकामं झालं. तो परत बाकावर येऊन बसला, पिशवीतून बाटली काढून दोन घोट पाणी प्यायला आणि टोपण घट्ट लावलं. चहाच्या गाडीवाल्याने काहीतरी विचारलं, दादाने मान हलवली. मग पुन्हा घोषणा, पुन्हा तो उठला. मला ते बघवेना आणि खिडकीपासून हलताही येईना. वरून बघत बसणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, ते मी कधी केलेलं नाही, पेशंट पडताना दिसला की मी आधी धावते आणि मग विचार करते. इथे मात्र धावायचं म्हणजे तीन वर्षांचं खोटं हातात धरून त्याच्यासमोर जायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मी फोन केला.

खाली त्याने खिसा चाचपला, फोन काढला, लांब धरून नाव वाचलं आणि कानाला लावला.

"काय गं धाकटे?"

"काही नाही, सहज. कुठे आहेस?"

"घरीच. जरा आडवा झालो होतो."

तो बाकावर ताठ बसला होता. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी काच घट्ट दाबून धरली.

"तू कुठेयस?" त्याने विचारलं.

"होस्टेलवर. बॅग भरतेय."

"उद्या सात दहा ना? येतोच मी. पांघरूण घे बरोबर, गाडीत गारठा असतो."

तेवढ्यात घोषणा सुरू झाली. ती मला काचेतून ऐकू आली आणि फोनमधूनही ऐकू आली, एकाच बाईचा एकच आवाज, दोन्हीकडून. मी फोनच्या तोंडावर हात ठेवला. घोषणा संपेपर्यंत तो गप्प आणि मी गप्प.

"बरं, ठेवतो," तो म्हणाला. "सूनबाई चहा घेऊन आलीय."

फोन खिशात ठेवून तो तसाच बसून राहिला. म्हणजे त्याला तारीख माहीत होती. उद्याची गाडी माहीत होती. डोकं जागेवर होतं. सुटल्यासारखं वाटून मी पलंगावर बसले. पण सुटका फार टिकली नाही. डोकं जागेवर असलेला माणूस मला खोटं का सांगतो? दादा म्हणजे नाकासमोर चालणारा. पाणीपुरवठ्याच्या खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढले, पेन्सिलीला टोक असल्याशिवाय रेघ ओढली नाही. लहानपणी माझ्या हातून काच फुटली तेव्हा मार वाचवायला मी त्याचं नाव सांगितलं होतं, तर हा म्हणाला, मी नव्हतो, पण मी मार खातो. असा माणूस घरी आडवा झालोय म्हणून सांगत होता आणि समोरच्या गाडीतून न येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत होता. तारीख कळते, वार कळतो, तरी पाय स्टेशनाकडे ओढतात, असंही होतं. बाबांनाही सुरुवातीला वार कळत होते.

पाच वीसच्या गाडीची घोषणा झाली. ती गाडी आमच्याच बाजूची. तो उठायच्या आधी मी उठले. केस बांधले, बॅग घेतली आणि जिन्याने खाली पळाले. मॅनेजर म्हणाला, "निघालात?" मी म्हटलं, "येते परत." त्याला हे विचित्र वाटलं असेल. पूल चढताना धाप लागली. माझ्या मनात एकच होतं, एवढ्या गाड्या त्याने रिकाम्या घालवल्या, निदान एका गाडीतून तरी त्याचं माणूस उतरावं. त्याचं डोकं फिरलं असेल तर असू दे, पण फाटकातून कुणीतरी यावं. मी नेहमीसारखी फलाटाच्या टोकाला उभी राहिले, गाडी आली, माणसं उतरली, मी त्यांच्यात शिरले. पुढे एक बाई कडेवरच्या मुलीला झोपेतून उठवत होती, तिच्या मागोमाग चालत फाटकातून बाहेर आले. दादा बाजूला उभा होता. त्याने त्या बाईकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल. तो उतरला. शाळा बुडवून बाहेर फिरताना बाबांनी पकडलं होतं तेव्हा जसा झाला होता तसा. त्याचा हात सवयीने माझ्या बॅगेकडे आला आणि मध्येच थांबला.

"एक दिवस आधी आले," मी म्हटलं. "गाडी मिळाली, म्हटलं येऊन टाकू."

तेवढ्यात चहाचा गाडीवाला फडकं खांद्यावर टाकून पुढे आला.

"आल्या का बहीण? चला, एकदाच्या आल्या. रोज म्हणतात, आज येणारेय. मी म्हटलं, काका, बहीण आहे की पावसाळा? बसा ताई, चहा घ्या, आजचा माझ्याकडून."

आम्ही बाकावर बसलो. बाकाची लाकडं मधोमध गुळगुळीत झाली होती. चहाचे दोन ग्लास आले. दादा ग्लास दोन्ही हातांत धरून खाली बघत होता.

"धाकटे," तो हळूच म्हणाला, "तासाभरापूर्वी तू होस्टेलवर बॅग भरत होतीस."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पूल चढून, धापा टाकत, घोळक्यात शिरून सगळं नीट जुळवलं आणि सात तासांची गाडी मी एका तासात आणली. परीक्षेत एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला बाहेर काढलं असतं.

"आणि तू घरी आडवा झाला होतास," मी म्हटलं.

तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत. मग थांबला आणि चहाकडे बघतच बोलायला लागला, नकाशा समजावून सांगावा तसं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. सूनबाई दुपारी घरी शिकवण्या घेते. तीन ते सात, दोन तुकड्या. बैठकीच्या खोलीत मुलं बसतात. ती काही म्हणत नाही हं, तो म्हणाला, ती म्हणते बाबा तुम्ही आत पडा खुशाल. पण आत पडलं की खोकता येत नाही, मुलं हसतात. संडासला जायचं तर मुलांच्या मधून. मग बाहेर पडायला लागलो. बागेत बसून पाहिलं. बागेत बाकीचे म्हातारे विचारतात, घरी काही झालंय का. वाचनालयात पेंग येते, तो माणूस उठवतो. इथे कोणी विचारत नाही. इथे बसलेला माणूस कुणाची तरी वाट बघत असतो, असंच धरून चालतात. या चहावाल्याने एकदा विचारलं, कोण येणारेय? पटकन तुझं नाव तोंडात आलं. मग ते निभवावं लागलं. गाडी आली की उठतो. खरं सांगू का, आता उठायची सवयच झालीय. माणसं उतरताना बघायला बरं वाटतं.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं झाली."

तीन वर्षं. म्हणजे सहाही खेपा. दुपारी मी मागच्या खोलीत पंखा बघत पडलेली, आणि हा भिंतीपलीकडे रस्त्याच्या कडेला माझी वाट बघण्याचं नाटक करत बसलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी मुलींना शंभरदा ऐकवली आहे. मला वाटलं होतं माझ्यासारखं एकटं कुणी नाही आणि त्यात थोडा मान होता. तोही गेला.

"दादा," मी म्हटलं, "मी गाडीने आले नाही. म्हणजे आले, पण सकाळी. मी समोर उतरले आहे." आणि मग सगळं सांगितलं, पूल, घोळका, चुरगळलेली साडी. साडीचं ऐकून त्याने माझ्या पदराकडे पाहिलं. तो म्हणेल ते वाक्य ऐकायची मी तयारी करून बसले होते, आमच्याकडे तुला परकं वाटतं. ते त्याने म्हटलं नाही. समोरच्या इमारतीकडे मान वर करून बघत राहिला.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"लिफ्ट आहे?"

"नाही. पण जिना बरा आहे, कठडा धरता येतो."

"खोलीत खुर्ची आहे का?"

"एक आहे."

"सातपर्यंत बसू?" त्याने विचारलं. मोठ्या भावाने धाकट्या बहिणीला असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. मी नुसती बॅग उचलली. ती त्याने माझ्या हातातून घेतली. रिकामी होती, ते त्याला लगेच कळलं असणार.

जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबला. खोलीत आल्यावर पलंगाकडे बघून म्हणाला, "चादर तुझीच." मग खुर्चीत बसला, चपला काढल्या, पाय जमिनीवर पसरले आणि मोठ्याने खोकला. एकदा, दोनदा, चांगला छाती मोकळी करून खोकला. मी पाणी दिलं. आम्ही फारसं बोललो नाही. वहिनीच्या चष्म्याचं काय केलं ते मी विचारलं, तो म्हणाला कपाटात आहे. त्याने विचारलं मुली कशा आहेत या वर्षीच्या, मी म्हटलं हात जड आहेत. मध्येच त्याची मान छातीवर आली आणि तो झोपला. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर. मी पलंगावर बसून त्याचा श्वास मोजला, तीस वर्षांची सवय. श्वास ठीक होता. त्याला पांघरूण घालावं असं वाटलं आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, हा किती वाजता जाईल असंही वाटलं. माझी संध्याकाळ चालली होती. पाव आणायचा राहिला होता, केस पुन्हा सोडायचे राहिले होते, आणि खोलीत आता एका माणसाचा श्वास होता, तो मोजायचं काम माझ्याकडे आलं होतं.

पावणेसातला तो आपण होऊनच जागा झाला. चपला घातल्या, पिशवी घेतली, टकलावरून हात फिरवला. चेहऱ्यावर चांगला तजेला आला होता.

"उद्या सात दहाला येतो घ्यायला," म्हणाला. "घरी तसंच सांगितलंय."

"ये."

"तू पुलावरून येऊ नकोस उगाच. सरळ रस्ता ओलांडून ये. मी तिथेच उभा असेन."

दाराशी जाऊन तो वळला. "पुढची परीक्षा कधी गं?"

"ऑक्टोबरात."

"तेव्हाही एक दिवस आधीच ये. मी दुपारी इथेच येईन. बोलायलाच पाहिजे असं काही नाही, तू आपली पडून राहा. मी खुर्चीत बसेन." आणि जरा थांबून म्हणाला, "खुर्ची बरी आहे."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, त्याला शंका येईल इतकाही वेळ जाऊ दिला नाही. तो कठडा धरून खाली जात होता ते मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकलं. वर्षातले माझे दोन दिवस होते, ते मी देऊन टाकले होते. ज्याला दिले त्याच्याकडे तेवढेही नव्हते, म्हणून परत मागायला मला तोंड नव्हतं. दार लावून मी पलंगावर बसले आणि पुष्कळ वेळ रडले. त्याच्यासाठी किती रडले आणि माझ्यासाठी किती, ते मला सांगता येणार नाही.